बुधरीचा दगड

मूल या गावच्या बाजारातून पूर्वेला निघालं की भाताच्या बांध्या संपता संपता ऐन आणि बेहड्याचं रान सुरू होतं. रानात शिरल्यावर लागणारं पहिलं गाव बेहडटोला. पण गावाच्या आधी गावची मेलेली माणसं लागतात. वाटेच्या उजव्या हाताला उभ्या दगडांची रांग आहे, कुठला कमरेएवढा, कुठला डोक्याच्याही वर गेलेला. गोंडांच्या या गावात माणूस गेला की नात्यातले पुरुष डोंगरातून दगड आणतात, खांद्यावरून, वाटेत कुठेही जमिनीला न टेकवता, आणि रांगेत उभा करतात. दगड उभा राहिला की मेलेला माणूस घरच्या देवांत जाऊन बसतो. सणाला त्याच्या नावाने घास काढला जातो. ज्याला दगड नाही, तो मेल्यावर कोणाचाच नसतो.

बाळंतपणात मेलेल्या बाईला दगड नसे.

हा नियम कोणी केला होता असं नाही. गावामागचा नाला होता, तसा तोही होता. बाळंतपणात मेलेली बाई चुडेल होते, ती परत येते, आणि जिचा हात हाती लागेल तिला घेऊन जाते, हे मंगलीला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान होतं. तरुणपणी अशाच एका शेजारणीच्या वाटेवर तिने स्वतःच्या हाताने राई फेकली होती. चुडेल वाटेत थांबते, राईचे दाणे मोजत बसते आणि तेवढ्यात उजाडतं, असं म्हणत. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दाणे फेकून ती घरी आली आणि भाकरी भाजायला बसली.

मग बावन्न सालच्या माघात तिची बुधरी गेली.

बुधरी तिची आणि पत्रूची एकुलती एक. वैनगंगेकडच्या गावात दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. हसरी पोर. मोजायला बसवली की मध्येच हसायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिला कुर्म्यात नेलं. कुर्मा म्हणजे गावाच्या कडेची बायकांची वेगळी झोपडी. पाळीचे दिवस तिथे काढायचे आणि बाळंतपणही तिथेच. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी मूल सुटेना. म्हातारी झिंगू, गावची सुईण, बुधरीच्या पोटावरून हात काढून घेऊन बसली आणि म्हणाली, "मंगले, घागर रिकामी झाली. पाणी आण."

मंगली पाणी घेऊन आली तेव्हा कुर्म्याच्या दारात दोन बाया आडवं मुसळ धरून उभ्या होत्या.

"आता अंदर नको जाऊ," झिंगू म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "ती आपली नाई राह्यली आता. हात धरला तर तुलेबी घेऊन जाईल."

आतून "याया" अशी हाक आली. याया म्हणजे आई. थोड्या वेळाने पुन्हा आली. मंगली घागर कडेवर घेऊन उभी होती. घागर खाली ठेवून, मुसळ बाजूला सारून ती आत का गेली नाही, हे पुढे तिला कोणी विचारलं नाही. तिने स्वतःला मात्र फार विचारलं. उत्तर एवढंच होतं की तोवर ती मोठ्यांचं ऐकणारी बाई होती.

तिसरी हाक आली नाही.

बुधरीला दारातून काढलं नाही. दार ओळखून परत येईल म्हणून कुर्म्याची मागची भिंत फोडली. तळपायांत बोरीचे काटे टोचले, चालता येऊ नये म्हणून. नाल्यापलीकडे खड्डा केला, पोटातल्या बाळासकट तिला पुरलं, वर काट्यांचा ढीग रचला. हे सगळं कोलू गायत्याने केलं. गायता म्हणजे गावच्या देवांचं करणारा. कोलू वाईट माणूस नव्हता. लहानपणी बुधरीला खांद्यावर बसवून त्यानेच मोहाची फुलं दाखवायला नेलं होतं. काटेही त्यानेच टोचले. परतताना बायांनी वाटेवर राई फेकली.

"कायले फेकता," मंगली त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "तिले कुठी मोजता येते?"

बाया राई फेकत राहिल्या.

काही दिवसांनी मंगली एकटीच नाला ओलांडून गेली आणि बुधरीच्या अंगावरचे काटे हातांनी ओढून काढायला लागली. कोयता नेला नव्हता. वरचे काटे निघाले. पायातले काढता येत नव्हते. ते मातीखाली होते आणि तिथे हात पोचत नव्हता. ही गोष्ट तिला बाकी सगळ्याहून जास्त खुपत राहिली.

एक काटा तिच्या तळहातात मोडला. हात सुजला, पिकला, कोपरापर्यंत ठणकायला लागला. मूलच्या बाजाराच्या वाटेवर मिशनचा दवाखाना होता. पत्रूने तिला तिथे नेऊन बसवलं आणि स्वतः बाहेर चिंचेखाली थांबला.

दवाखान्यातल्या नर्सबाई आशाबाई. ठेंगण्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, हात चालू असताना तोंडही चालू ठेवणाऱ्या.

"कुठचा काटा हा?"

"पोरीवरचा हाय."

आशाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग मंगलीने सगळं सांगितलं. भिंत, काटे, राई, मुसळ. आशाबाईंनी अरेरे म्हटलं नाही, की असल्या चालीरीतींना नावं ठेवली नाहीत. पू काढता काढता म्हणाल्या, "रडायचं तर रड. हात हलवू नको."

पट्टी बांधताना त्या आपल्या नेहमीच्या सुरात सांगायला लागल्या. "आमच्या प्रभूलाही गावाबाहेरच मारलं, बाई. चोरांच्या मध्ये. लोक थुंकले त्याच्यावर. मग दुसऱ्याच कोणाच्या खडकातल्या थडग्यात ठेवला, तोंडावर मोठा दगड लावला, दगडावर पहारा. सोबतचे पुरुष घाबरून दार लावून बसले. बाया गेल्या मात्र. सकाळी, अंधार फिटता फिटता."

"कायले गेल्या?"

"त्याच्या अंगाला सुगंधी तेल लावायला. राहून गेलं होतं."

"कोणी अडवलं नाई?"

"वाटेत त्या हेच बोलत होत्या, की दगड कोण सरकवेल."

मंगली आणि पत्रू जंगलातल्या कुपात, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, सागाची लाकडं ओढायला जात. जड वस्तू कशी हलते हे तिला ठाऊक होतं. "केवढा होता दगड?"

"असेल दाराएवढा."

"दाराएवढा दोघी बायायनं हलते. एकीनं सब्बल लावाची, एकीनं खाली गोटा साराचा."

आशाबाईंचे हात थांबले. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कितीतरी जणांना सांगितली होती, पण दगड हलवायची युक्ती कोणी सांगितली नव्हती. "गरज नाही पडली," त्या म्हणाल्या. "त्या पोचल्या तेव्हा दगड बाजूला होता, आणि आत कोणी नव्हतं."

"मंग?"

"मग तो त्यांना दिसला. पुरुषांच्या आधी बायांना. एकीला त्याने नावाने हाक मारली, तेव्हा कुठे तिने ओळखला."

मंगलीने पट्टीवरून बोट फिरवलं. "लोकं भूत म्हणले असतील त्याले."

"म्हणाले ना."

"अन तुमी?"

"आम्ही देव म्हणतो."

घरी जाताना पत्रूने विचारलं, बाईने औषध काय दिलं. मंगली म्हणाली, "सांगतो मंग." पण ते सांगायला तिला पुढचं वर्ष लागलं, कारण आधी तिला स्वतःला पुरतं कळायला हवं होतं. दर बाजाराला ती दवाखान्यात थांबू लागली. हात बरा झाला तरी थांबायची. तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असे. शापित म्हणून मारलेला, गावाबाहेर गाडलेला एक माणूस परत येतो, आणि कोणाला धरून न्यायला नाही, तर रडणाऱ्या बाईला नावाने हाक मारायला येतो. त्याच्या हातापायांतही खिळ्यांच्या खुणा होत्या, हे आशाबाईंनी सांगितलं त्या दिवशी मंगली दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि उठेचना. बुधरीच्या पायातल्या काट्यांपर्यंत पोचणारा हात तिला सापडला होता.

त्रेपन्नच्या फाल्गुनात तिने बाप्तिस्मा घेतला. मिशनचे प्रचारक येशुदास मास्तर भले होते, पण रीतीचे पक्के. "नवं नाव घे," ते म्हणाले. "मरियम चांगलं आहे. मार्था आहे."

"मंगलीच राहू द्या."

"जुनं सगळं मागे टाकायचं असतं, बाई."

"वर गेल्यावर पोरगी मंगलीच्या नावानं शोधंल," ती म्हणाली. "मार्थाले ती वळखत नाई."

मास्तरांनी आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाई पदराआड हसत होत्या. पाण्यात मंगली उतरली आणि मंगली म्हणूनच वर आली.

बेहडटोल्यात पंच बसले. मंगली बाटली, तिला विस्तव द्यायचा नाही, तिच्या हातचं खायचं नाही, तिला शिवायचं नाही. पत्रूने तिच्या हातचं खाल्लं नाही तर त्याची जातीतली जागा कायम. पत्रूने मान डोलावली. मग तो गावाला दिसेल असा भावाच्या ओसरीवर जेवायचा आणि गावाला दिसणार नाही असा घरी येऊन पुन्हा जेवायचा. वर्षभरात त्याला पोट सुटलं.

"देवधर्म मानवला गा तुले," त्याच्यासोबत लाकडं ओढणारा गावातला इसरू त्याला कुपात म्हणाला. "बायकोचा."

"दोन देवायचं खातो म्हणून," पत्रू म्हणाला.

हाच इसरू. त्याची बायको रैनी पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात कुर्म्यात अडली. भर दुपार होती. मंगली मोह वाळत घालत होती. कुर्म्यातून एकेक बाई बाहेर येऊन सावलीत बसायला लागली. त्याचा अर्थ काय, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने हात पदराला पुसले आणि चालायला लागली.

दारात तेच मुसळ होतं.

"मंगले," झिंगू म्हणाली, "तू अंदर गेली तर कुर्मा बाटते."

"भिंत फोडणारच हा तुमी. नवा बांधजा."

"तुले घेऊन जाईल ती."

"जाऊ दे घेऊन," मंगली म्हणाली. "माझी पोर हायच तिकडं." आणि ती मुसळाखालून वाकून आत शिरली. मुसळ धरणाऱ्या बाया मागे सरकल्या, कारण तिला शिवता येत नव्हतं. मग झिंगू, का कोण जाणे, तिच्या मागोमाग आत आली आणि कोपऱ्यात टेकून बसली.

रैनी एकटी पडली होती. डोळे मिटलेले, हात मातीवर पालथा. मंगलीने तो हात घेतला.

"कोण?"

"मंगली."

"गेली नाई तू?"

"कुठी जाऊ? इथीच हावो."

मंगलीला फार प्रार्थना येत नव्हत्या. आशाबाईंनी शिकवलेली एक ती मध्येच विसरायची. ती फक्त म्हणत राहिली, प्रभू, हिले नावानं हाक मार, हिचं नाव रैनी हाय. रैनीने तिचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. पुढे ती पकड सैल झाली. मंगलीने हात सोडला नाही. झिंगू कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून होती.

बाहेर कोलू लोखंडी सब्बल घेऊन मागच्या भिंतीशी आला. मंगली दारात येऊन उभी राहिली. "दारातून काढा," ती म्हणाली. "दारातून आली होती."

कोलूने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. सब्बल उचलली तेव्हा इसरू मध्ये आला. त्याने फक्त सब्बल धरली आणि सोडली नाही. कोलूने ओढली, त्याने सोडली नाही. रैनी दारातून बाहेर आली. नाल्यापलीकडे बुधरीच्या शेजारी तिला पुरलं, पण काटे रचायला कोणी धजलं नाही, कारण मंगली तिथेच मातीवर बसून होती आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

गाव वाट पाहत राहिलं. मंगलीला ताप येईल, रक्त ओकेल, झाडावरून पडेल. पावसाळा आला, गेला, मंगलीने आपली धानाची बांधी लावली, कापली. तिला काही झालं नाही. मग बाया तिच्याकडे यायला लागल्या. आधी बाजाराच्या वाटेवर गाठून, पुढे उघड तिच्या अंगणात. नववा लागला की ती सांगायची, बैलगाडीत बस, आशाबाईकडं चल. कोणी ऐकायची, कोणाचा नवरा ऐकू द्यायचा नाही. मग ती कुर्म्यात जाऊन बसायची. "मंगली बसते" असा बोलच पडला. तिच्याजवळ काही औषध नव्हतं. ती फक्त उठून जात नव्हती. पुष्कळजणी वाचल्या, काही नाही वाचल्या. नाही वाचलेल्या दारातून निघाल्या.

पण दगड कोणालाच मिळाला नव्हता. नाल्यापलीकडे त्या माणसांसारख्या पुरल्या गेल्या आणि तरी सणाला त्यांच्या नावाने घास निघत नव्हता. मुलं त्या बाजूला पाहून अजून "चुडेल" म्हणत पळायची. बुधरी गावाच्या तोंडी चुडेलच राहिली होती, आणि ती तशी राहिली तर तिच्यानंतरच्या सगळ्या तशाच राहणार होत्या.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मंगलीने जाहीर केलं की बुधरीचा दगड ती उभा करणार. नाल्यापलीकडे नाही. रांगेत, पोरीच्या आजीच्या दगडाशेजारी, मोकळ्या जागेत.

पहिले धावत आले ते येशुदास मास्तर.

"मंगलीबाई, आपण दगड पूजत नाही."

"पूजून कोण राह्यलं? नाव लावून राह्यलो मी."

"लाकडाचा क्रूस लाव ना, मी करून देतो."

"लाकडाले उधई लागते. अन क्रूस मी दगडावरच कोरीन. रांगेतले सारे वाचतील."

"मग तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? वरचे साहेब मला विचारतील."

"साहेबाले इथी पाठवा, मी सांगतो," मंगली म्हणाली. "मास्तर, तुमीच सांगता, तो थडग्यातून उठला, दगड बाजूले सारून. मंग त्याले माझ्या एका दगडाचं भय काऊन?"

मास्तरांना हे मान्य करणं जमलं नाही. दगडाचा हट्ट सोडेपर्यंत प्रभूभोजनाला बसू नको, असं त्यांनी जड मनाने सांगितलं. मंगली रविवारी जायची ती जातच राहिली. दाराशी बसायची, इतरांबरोबर गायची, भाकर आणि द्राक्षरस समोरून जाताना मान खाली घालायची नाही.

डोंगरात तिने दगड निवडला, कमरेएवढा, काळा. छन्नीने त्यावर वेडावाकडा क्रूस कोरला. खांद्यावर घ्यायला नात्यातला एकही पुरुष येणार नव्हता, म्हणून तिने तो कुपातल्या लाकडासारखा आणला. खाली गोल लाकडं घालायची, सब्बलीने ढकलायचा, मागे सुटलेलं लाकूड उचलून पुढे मांडायचं. पत्रू तिच्यामागून चालत होता. "घरी चल, लोकं हासून राह्यले," असं तो बोलत होता, आणि बोलता बोलता मागचं लाकूड उचलून पुढे ठेवत होता. गावाने विचारलं असतं तर म्हणाला असता, मी बायकोला समजावत होतो.

दगड गावातून गेला तेव्हा लोक दारात आले. रांगेशी कोलू उभा होता.

"दगड जमिनीले लागला," तो म्हणाला. "असा दगड चालत नाई."

"लागू द्या. माझी पोरबी जमिनीतच हाय."

"इथी नाई लावू देणार."

मंगली खड्डा खणायला लागली. कोलूने आजूबाजूला पाहिलं. पुरुष बरेच होते, पण पुढे कोण जाणार? मंगली बाटलेली. तिचा हात धरला तर शुद्धीचं जेवण घालावं लागणार. गावाने तिला इतकं दूर ठेवलं होतं की आता तिला अडवायचीही सोय उरली नव्हती. हे कोलूच्या ध्यानात आलं, मंगलीच्या तर कधीच आलं होतं. ती खणत राहिली. पत्रू म्हणाला, "आता मी का सांगू हिले," आणि दगड खड्ड्यात सरकताना त्याने पाठ लावली.

दगड उभा राहिल्यावर कोलू शांतपणे म्हणाला, "ठीक हाय. पाऊसकाळ जाऊ दे. आपल्यात काय होते तुले मालूम हाय. ज्याले घरच्या देवायनं घेतलं, त्याचा दगड सरळ राह्यते. ज्याले नाई घेतलं, त्याचा कलंडते. कलंडला तर मी दोर लावून नाल्यात टाकीन. तेव्हा माझ्या आडवी येजो नको."

"पाहू," मंगली म्हणाली.

त्या वर्षी भादव्यात झड लागली. सूर्य दिसेना, भिंतींना ओल चढली. मंगली तेव्हा पलीकडच्या टोल्यावर एका अडलेल्या बाईजवळ बसली होती. बाई वाचली, मूलही. चिखल तुडवत ती गावाशी आली, तेव्हा रांगेपाशी गर्दी होती. कोलू दोर घेऊन होता. बुधरीचा दगड आजीच्या दगडाकडे झुकला होता, थकलेल्या पोरीने मान टेकावी तसा.

"पाह्यलं, मंगले?" कोलू म्हणाला. त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता.

मंगलीने खाली बसून माती चाचपली. "मुरूम कमी पडला. काळी माती भरली होती मी."

"देवायनं नाकारली तिले."

"तुमच्या देवायनं नाकारली असंल. माझा देव नाई म्हणत नाई." तिने पत्रूला मुरूम आणायला पाठवलं. तो गेला.

"दरसाल कलंडंल हा."

"दरसाल उभा करीन."

"अन तू मेल्यावर?"

मंगलीचा हात थांबला. प्रभू बुधरीला ओळखतो, याविषयी तिला शंका नव्हती. पण बेहडटोला ओळखणार की नाही, ते प्रभूने तिच्यावर सोडलं होतं, आणि ती एकटी होती, आणि तिचे केस पांढरे झाले होते. कोलूने दगडात अडकवायला दोराचा फास केला.

पत्रू मुरमाची टोपली घेऊन आला आणि टोपली ठेवून लांब उभा राहिला, कारण सगळं गाव बघत होतं. दगड सरळ करायला दोघं लागतात. एकाने धरायचा, दुसऱ्याने मुरूम भरून ठोकायचा. मंगलीने खांदा लावून दगड सरळ केला, पण तो सोडल्याशिवाय तिला टोपली घेता येईना, आणि सोडला की तो पुन्हा कलंडे. एकदा झालं, दोनदा झालं. गर्दीत कोणी हसलं.

बायांमधून चंदा पुढे आली. चंदा इसरूची दुसरी बायको, रैनीच्या जागी आणलेली. तिला आठवा लागला होता. पोटुशीने दगडांच्या रांगेत पाऊल ठेवायचं नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ती सावकाश, दोन्ही हातांनी पोट सावरत आली आणि तिने बुधरीच्या दगडाला हात लावला.

"चंदा, इकडं ये," इसरूची आई ओरडली. "इसरू, आण बे तिले."

चंदा बाटलेली नव्हती. तिला कोणीही हात धरून ओढू शकत होतं. इसरू गर्दीतून निघाला, तिच्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याची पाठ गर्दीकडे होती. कोलूला पुढे यायचं तर आता त्याच्या अंगावरून यावं लागणार होतं.

चंदाने छाती दगडाला लावली आणि तो सरळ केला. मंगलीने टोपली ओढून मुरूम ओतला आणि सब्बलीच्या टोकाने ठोकायला सुरुवात केली. झड पुन्हा लागली. दोघींच्या केसांतून पाणी गळत होतं.

"मावशी," चंदा हळूच म्हणाली, फक्त मंगलीला ऐकू जाईल इतकं. "मी नाई वाचली तर माझाबी इथीच लावजो."

मंगलीने वर पाहिलं नाही.

"पुढच्या हप्त्यात तुले गाडीत घालून आशाबाईकडं नेतो. मराचं मंग पाहू," ती म्हणाली. "आता हा सरळ धर. तुझ्या अंगावर झुकून राह्यला."